हिकरीच्या ओढ्यावरची वीस मिनिटं

"मिस्टर टॉलिव्हर, जरा बाजूला व्हा. मागच्यांना माल दिसत नाहीये," ती बाई म्हणाली, आणि अल्फियस टॉलिव्हरच्या हातातलं सफरचंद हातातच राहिलं.

तो बाजूला झाला. शनिवारची सकाळ होती, सिनसिनाटीचा बाजार माणसांनी भरून वाहत होता. जर्मन बायका कोबीचे गड्डे दाबून बघत होत्या, घोड्यांची ट्राम घंटा वाजवत वाट मागत होती. कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. लव्हिनिया, त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी गेल्यापासून फळं आणायला तो स्वतःच यायचा. बाजारातले सगळे त्याला ओळखत. 'या कर्नल', 'नाशपाती बघा कर्नल', 'तब्येत काय म्हणते कर्नल' अशी हाक कानावर पडली, की आपण अजून आहोत असं त्याला वाटायचं. आणि आज, मिस्टर. त्यात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. अनोळखी माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली होती; पण अनोळखी बाईला त्याचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं वळून पाहिलं. पंचेचाळिशीची असेल. पुरुषी कोट घातलेला, चेहरा उन्हानं रापलेला. ती दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी सफरचंदं निवडत होती. तिची मनगटं रुंद होती, हाडं वर आलेली. चेहरा त्याला आठवेना. मनगटं आठवली. कुठं पाहिली ते मात्र आठवेना, आणि आठवू नये असंही आत कुठंतरी वाटत होतं.

घराकडे चालताना तो शब्द बुटात गेलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. सतरा वर्षांत त्याला मिस्टर असं कोणीच म्हटलं नव्हतं. न्हावी म्हणत नव्हता, न्यायाधीश म्हणत नव्हता, चर्चमध्ये पाद्री म्हणत नव्हता. लव्हिनिया शेवटच्या आजारात डोळे मिटून पडलेली असायची, तीसुद्धा म्हणायची, "कर्नल, पाणी द्या हो." त्या वेळी आपल्याला बरं वाटलं होतं हे त्याला आता चालता चालता आठवलं. बायको मरायला टेकलेली, आणि हा पदवी ऐकून सुखावलेला. कत्तलखान्यांकडून डुकरांचा उग्र वास येत होता, खाली नदीवर एक आगबोट शिटी फुंकत होती. आपलं नाव सुटं करून पाहिलं तर त्याच्या मागे काय उरतं, असा प्रश्न त्याला पडला. मिस्टर अल्फियस टॉलिव्हर. असा एक माणूस होता खरा. चौतीस वर्षांचा, काळ्याभोर दाढीचा, राज्याच्या विधिमंडळातला सदस्य. ॲशबी गावचा वकील. त्याच्या आवाजाची कीर्ती चार परगण्यांत होती. तो कोर्टात उलटतपासणी घ्यायला उठला, की समोरच्या दुकानातले लोक काम सोडून खिडकीशी येत. त्या माणसाला वॉशिंग्टनला जायचं होतं, प्रतिनिधिगृहात बसायचं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग उत्तर-दक्षिणेचं युद्ध लांबलं. अठराशे बासष्टच्या जुलैत गव्हर्नरांना माणसं हवी होती. टॉलिव्हर ॲशबीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि दीड तास बोलला. त्या दीड तासातलं आता त्याला एकच वाक्य आठवत होतं, पण ते शब्दन्‌शब्द आठवत होतं: 'मी तुमच्या पुढे चालेन, आणि तुम्हाला घेऊनच परत येईन.' ते वाक्य लिहून आणलेलं नव्हतं. समोर आया उभ्या होत्या, त्यांचे चेहरे बघून ते सुचलं, आणि सुचताक्षणी आवाज आपसूक खाली आला, मग वर गेला. त्याच दुपारी एकशे बारा जणांनी नावं दिली. महिन्याभरात पलटण उभी राहिली, आणि जो माणसं आणतो त्याला कर्नल करायचं असा तेव्हाचा रिवाजच होता. गव्हर्नरांनी कागद दिला, लव्हिनियानं गणवेशावर सोनेरी पट्टी शिवली. बंदूक कशी भरतात हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

कवायत तो पुस्तकातून शिकला. तंबूत बसून मोठ्यानं वाचायचा, भाषण पाठ करावं तसे हुकूम पाठ करायचा. मैदानावर मात्र डावं-उजवं उलट व्हायचं. एकदा त्यानं अख्खी पलटण एका डबक्यात नेली. पोरं गुडघाभर चिखलात उभी राहून खिदळत होती. कुणीतरी मागून ओरडलं, "साहेब, इथं मतदान आहे का?" तेव्हा सार्जंट जोएल लोरी त्याच्या घोड्याजवळ आला. ॲशबीत पिंपं बनवणारा, चाळिशीचा, मितभाषी माणूस. मेक्सिकोच्या लढाईत तरुणपणी जाऊन आलेला. घोड्याचा पट्टा घट्ट करण्याचं निमित्त करून तो हळूच म्हणाला, "उजवीकडे वळवा म्हणा साहेब. आणि हसू नका. ते हसले तरी तुम्ही हसू नका." त्या दिवसापासून जोएल कायम त्याच्या उजव्या हाताला उभा राहायचा आणि ओठ न हलवता पुढचा हुकूम पुटपुटायचा. टॉलिव्हर तोच हुकूम आपल्या घुमणाऱ्या आवाजात द्यायचा. दोघांचा मिळून एक बरा कर्नल तयार झाला होता.

घराच्या दारात पक्षाचा चिटणीस हायरम स्टाउट वाट बघत उभा होता. गोल, लालबुंद चेहऱ्याचा, सतत घाम पुसणारा.

"कर्नल, कुठं होता? मी तासभर उभा आहे," तो म्हणाला. "येत्या नाही, त्यापुढच्या मंगळवारचं सगळं ठरलं. ॲशबीच्या चौकात स्मारकाचं अनावरण, बँड, शाळेच्या मुली, आणि मग तुमचं भाषण. भाषण संपलं की मी उठतो आणि तुमची उमेदवारी जाहीर करतो. लढाईला सतरा वर्षं झाली त्याच दिवशी! असा मुहूर्त पुन्हा नाही."

"तयारी झाली आहे," टॉलिव्हर म्हणाला.

"ते कुंपण येऊ द्या हं भाषणात. लोकांना ते कुंपण फार आवडतं."

स्टाउट गेल्यावर तो अभ्यासिकेत जाऊन खुर्चीत बसला. टोपी काढायचं राहिलं होतं. ते कुंपण. केंटकीत हिकरीच्या ओढ्यापलीकडे मक्याचं शेत होतं, त्याच्या कडेला आडव्या ओंडक्यांचं कुंपण. त्यामागे त्याची माणसं पालथी पडलेली. ऑक्टोबरचं ऊन, तोडलेल्या मक्याचा वाळका वास, धुरानं चुरचुरणारे डोळे. घोड्याच्या मानेवरून घामाचा एक ओघळ उतरत होता आणि तो त्याच ओघळाकडे बघत होता, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात मागून एक लेफ्टनंट घोडा फेकत आला. कोवळा, तोंडभर वांगाचे ठिपके, एका कानातून रक्त वाहत होतं. त्यानं सलाम ठोकला. "जनरलसाहेबांचा हुकूम. डावी बाजू मोडली आहे. पलटण ताबडतोब ओढ्याच्या अलीकडे घ्या."

सोपा हुकूम होता. मागे फिरा, एवढाच. तो कसा द्यायचा तेही आता त्याला पाठ होतं. पण त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात दुसऱ्या एका पुढारी-कर्नलवर लिहून आलं होतं. त्याची पलटण पळाली होती, आणि लिहिणाऱ्यानं मथळा दिला होता: 'भाषणात सिंह'. टॉलिव्हरला ती अक्षरं दिसली. खरोखरच दिसली, मक्याच्या ताटांवर छापल्यासारखी. तो लेफ्टनंटला म्हणाला, "बरं." आणि गप्प राहिला. लेफ्टनंट माघारी वळला, पन्नास पावलं गेला नसेल तोच घोड्यासकट कोसळला. म्हणजे हुकूम आणणारा उरला नाही. ही गोष्ट आपल्या ध्यानात कधी आली? त्याच क्षणी? की नंतर? सतरा वर्षं तो स्वतःला सांगत आला होता, नंतर. आज टोपी घालून खुर्चीत बसल्या बसल्या त्याला कळलं, की त्याच क्षणी. घोडा पडताना बघून छातीतलं काहीतरी सैल झालं होतं.

उजव्या हाताला जोएल लोरी होता. त्याचे ओठ हलत होते. 'मागे फिरा, साहेब. मागे फिरा म्हणा.' टॉलिव्हर त्याच्याकडे न बघता कुंपणाकडे बघत राहिला. वीस मिनिटं. मग डावीकडून ताज्या तुकड्या आल्या, बंडखोर हटले, आणि संध्याकाळी जनरलनं सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. 'तुम्ही थांबलात म्हणून आम्ही वाचलो.' ते खरंही असेल. त्यालाच ते कधी नक्की ठरवता आलं नाही. त्या ताज्या तुकड्या त्याच्यामुळे आल्या की त्याच्याविना आल्या असत्या, हे कोण सांगणार? एक्केचाळीस माणसं मेली, त्यातली तेवीस ॲशबीची. अहवाल त्यानं स्वतः लिहिला, सुरेख भाषेत. 'माघारीचा कोणताही हुकूम न मिळाल्यानं पलटण आपल्या जागी ठाम राहिली.'

आणि मग लुईव्हिलचं ते चर्च. बाकं काढून जमिनीवर पेंढा पसरला होता, त्यावर जखमी. तो भेट द्यायला गेला होता. जाणं आवश्यकच होतं, सोबत वार्ताहर होते. जोएलचा पाय मांडीपासून कापला होता. चेहरा मेणासारखा. एक बाई त्याच्या तोंडाशी पितळी भांडं धरून बसली होती. जोएलनं डोळे उघडले, ओळखलं. तक्रार केली नाही. फक्त विचारलं, आणि विचारताना त्याच्या आवाजात राग नव्हता, जाणून घ्यायची खरीखुरी इच्छा होती, "साहेब, तो घोडेस्वार काय म्हणाला होता?"

"कोणता घोडेस्वार?" टॉलिव्हर म्हणाला होता.

जोएलनं तोंड भिंतीकडे फिरवलं. भांडं धरलेली मनगटं रुंद होती, हाडं वर आलेली.

टॉलिव्हर खुर्चीतून उठला आणि खिडकीशी गेला. रस्त्यावर एक माणूस पानं जाळत होता. वीस मिनिटांचं काय, रणांगणात माणूस चुकतो, भितो, गोंधळतो, त्याला क्षमा असेल. पण त्या दोन शब्दांना? तिथं गोळ्या नव्हत्या, धूर नव्हता. मरणाऱ्या माणसानं एवढंच विचारलं होतं, की मी ऐकलं ते खरं का. मी भ्रमलो तर नाही ना? आणि तेवढंही त्याला दिलं नव्हतं.

आठवडाभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. कोर्टात बोलता बोलता तो मध्येच थांबायचा आणि लोकांना वाटायचं मुद्दामच थांबला. भाषणाचे कागद काढायचा, परत ठेवायचा. पुढच्या शनिवारी तो बाजार उघडायच्या आत तिथं जाऊन उभा राहिला. ती गाडीवरून टोपल्या उतरवत होती. त्यानं हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "सवय नाही तुम्हाला, सांडाल."

"तुम्ही जोएल लोरींच्या पत्नी."

"थर्झा लोरी. ओळखलंत म्हणायचं." तिनं टोपली खाली ठेवली. "लुईव्हिलला तुम्ही माझ्याकडे बघितलंच नव्हतं. अर्ध्या हातावर बसले होते मी."

"त्यानं तुम्हाला काय सांगितलं?"

"काय सांगणार? मी ऐकलं की तुमच्या तोंडून. तुम्ही गेल्यावर मला म्हणाला, थर्झा, मी भ्रमिष्ट झालो का गं? मी म्हटलं, नाही रे बाबा, तू शहाणा आहेस. पण नवऱ्याला बायकोनं म्हणणं वेगळं आणि साहेबानं म्हणणं वेगळं. पुढं चार दिवस होता. बोलला नाही."

टॉलिव्हरनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो बाजारात मधोमध उभा राहून शब्द शोधत होता. "घोडेस्वार आला होता," तो म्हणाला. "हुकूम आला होता. जोएलनं बरोबर ऐकलं होतं."

थर्झानं एक सफरचंद कोटाला पुसलं, टोपलीत ठेवलं, दुसरं घेतलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला सांगून तुमचं मन हलकं होईल, पण माझ्या काय उपयोगाचं ते? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. मंगळवारी तिथं सगळे जमणारच आहेत."

"तुम्ही याल?"

"मंगळवारी माझी मालाची बोट असते." तिनं पुढची टोपली उचलली. "तुमच्यावर रागावून बसायला मला सवड नव्हती हो. दोन मुली वाढवायच्या होत्या. पण कर्नल म्हणायला जीभ वळत नाही, तेवढं माफ करा."

मंगळवारी ॲशबीला आगगाडीतून उतरताना त्याचा निश्चय पक्का होता. लिहिलेलं भाषण त्यानं घरीच ठेवलं होतं. स्टाउट फलाटावरच भेटला. बँड वाजत होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर झेंडे लावले होते, त्याच पायऱ्यांवर. चौकात दगडी खांबावरची चादर दोरी ओढून काढली आणि नावं दिसली. ती त्याला पाठ होती, तरी दगडात कोरलेली त्यानं पुन्हा एकेक करून वाचली. समोर गर्दी होती, त्यातल्या पुष्कळशा बायका काळ्या कपड्यांत. सतरा वर्षांपूर्वीच्या तरण्या आया आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. पहिल्या रांगेत ओबेड रॅनी बसला होता, ऐंशीच्या घरातला शेतकरी, कानामागे हात धरून. त्याचा सायलस एकोणीस वर्षांचा होता. तो कुंपणाशीच गेला.

टॉलिव्हर बोलायला उभा राहिला, आणि पहिलं वाक्य तोंडातून निघताच चौक शांत झाला. त्यानं ठरवलं होतं, साधं बोलायचं. तो म्हणाला, "माझ्या मित्रांनो, सतरा वर्षं तुम्ही ऐकत आलात, की त्या दिवशी माघारीचा हुकूम आला नाही. आज या नावांसमोर मी सांगतो. हुकूम आला होता." आवाज आपोआप खाली गेला. शेकडो माणसांनी श्वास धरला आणि ते त्याला जाणवलं. ओळखीची ती ऊब पाठीच्या कण्यातून वर चढली. इथं थांबायला हवं होतं. 'मी तो मानला नाही, कारण मला वर्तमानपत्राची भीती वाटली,' एवढंच म्हणायचं होतं. पण थांबलेल्या जागेत पुढचं वाक्य आपणहून येऊन उभं राहिलं, घडवलेलं, तालात. "तो माझ्या कानांनी ऐकला, पण माझ्या मानी काळजानं तो ऐकू दिला नाही. या एक्केचाळीस जणांचं रक्त माझ्या माथ्यावर आहे!" बोलताना त्याचा हात वर गेला होता. बायकांनी रुमाल काढले. मग मागून एका रिकाम्या बाहीच्या माणसानं टोपी उंच फेकली. "कर्नल टॉलिव्हरचा जयजयकार!" चौक उसळला. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. हुकूम काय, काळीज काय, त्यांना एवढंच समजलं होतं, की या माणसाच्या काळजाला माघार हा शब्द ऐकूच येत नाही.

"नाही," तो ओरडला, "ऐकून घ्या, मी..." पण बँड सुरू झाला होता.

स्टाउटनं त्याला मिठी मारली. घामेजलेला गाल त्याच्या दाढीला घासला. "कर्नल, अहो, काय बोललात! दोष स्वतःवर घेतलात! आता निवडणूक घेतली नाही तरी चालेल." आणि तो उमेदवारी जाहीर करायला पुढं धावला. रिकाम्या बाहीचा माणूस गर्दीतून पायऱ्यांपाशी आला. डेव्हिस हंफ्री, पलटणीतला जुना शिपाई. "साहेब, उगाच मनाला लावून घेता," तो म्हणाला. "हुकूम आला असता तर तुम्ही थांबला नसता. आम्हाला काय ठाऊक नाही होय?"

"आला होता, हंफ्री. मी खरं सांगतो."

"हो हो," हंफ्री म्हणाला, आणि लहान मुलाला थोपटावं तसं त्यानं एका हातानं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

टॉलिव्हरच्या लक्षात आलं, की हे त्यानंच केलं आहे. लोकांचं काही चुकलं नव्हतं. त्यानं त्यांच्या हातात खरं ठेवलं आणि त्याच वेळी ते न बघण्याची सोयही करून दिली. लुईव्हिलला लपवण्यासाठी दोन शब्द पुरले होते. आज सांगण्यासाठी एवढं वक्तृत्व खर्ची पडलं आणि परिणाम तोच. हा आवाज आपला आहे असं तो समजत आला होता. खरं तर तोच आवाजाचा होता. जुलैतल्या त्या दुपारीही आयांचे चेहरे बघून त्याचं मन द्रवलं नव्हतं, आवाज द्रवला होता. मेजवानीसाठी मांडव घातला होता, तिकडून भाजलेल्या मांसाचा वास येत होता, मुली कडेनं फुलं घेऊन उभ्या होत्या. स्टाउट त्याचं नाव पुकारत होता. तो पायऱ्यांच्या मागच्या बाजूनं खाली उतरला, कोर्टाच्या भिंतीला वळसा घालून गल्लीत शिरला आणि चालू लागला.

हे गाव त्यानं मतांसाठी घरोघर पालथं घातलेलं होतं. कुठल्या फाटकाची कडी कशी उघडते हेसुद्धा हातांना ठाऊक होतं. प्रत्येक दारात काय बोलायचं तेही तेव्हा तयार असायचं. सुताराकडे लाकडाचं, विधवेकडे देवाचं. आज काहीच तयार नव्हतं. तेवीस घरं होती. काही मोडली असतील, काही जण पश्चिमेला निघून गेले असतील. एकेका माणसाला, समोरासमोर, टाळ्या वाजवायला दुसरं कुणी नसताना. आजचा दिवस पुरणार नव्हता, उद्याचाही नाही. पक्ष, वॉशिंग्टन, कर्नल हा शब्द, हे सगळं त्या दारांच्या अलीकडे राहणार हे त्याला कळत होतं, आणि त्याचं दुःख होत होतं. होत नाही असं स्वतःला सांगायची गरजही त्याला वाटली नाही. पाय मात्र चालत होते. गावाच्या टोकाशी रॅनीचं घर आलं. म्हातारा चौकातून गाडीनं परत आला होता आणि ओसरीच्या बाकावर बसून बूट काढत होता.

"कर्नल!" तो उठू लागला. "अहो, तुम्ही इथं? मेजवानी सोडून?"

"मिस्टर रॅनी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"आँ? जोरात बोला. मला काही ऐकू येत नाही. चौकातही काही ऐकू आलं नाही. सगळे रडत होते म्हणून मीही रडलो."

"हुकूम आला होता," टॉलिव्हर म्हणाला.

"आँ?"

"लढाईत! मागे फिरायचा हुकूम आला होता!"

"कुणाला?"

"मला!" तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं ओरडताना आवाजाला वळण देता येत नव्हतं. तो फाटला, चिरका झाला, कुणा दुसऱ्याचाच असावा तसा कानावर पडला. शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बाई थबकली. "मी मानला नाही! लोक हसतील म्हणून! मी पळालो असं छापतील म्हणून!"

म्हाताऱ्यानं कानामागचा हात काढला नाही. त्याचे ओठ टॉलिव्हरच्या ओठांबरोबर हलत होते, एकेक शब्द उचलून तपासत असल्यासारखे. "मानला असता तर?" त्यानं विचारलं.

"सायलस तेव्हा जिवंत होता! नंतर गेला!"

"किती नंतर?"

टॉलिव्हरनं दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. वीस. म्हातारा त्या बोटांकडे बघत राहिला. हात खाली घ्यावे की नाही ते टॉलिव्हरला समजेना. चौकातून बँडचा आवाज येत होता. रॅनीला तो ऐकू येत नव्हता. त्यानं काढलेला बूट उचलला, आतून झटकला, बाकाखाली नीट जोडीनं ठेवला. मग खांबाला धरून उभा राहिला. एवढ्या जवळून त्याचे डोळे पिवळट दिसत होते, आणि त्यांत टॉलिव्हरला काहीच वाचता येईना. तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याची आई आत आहे," ओबेड रॅनी म्हणाला. "अंथरुणावर आहे दोन वर्षं. तिला ऐकू चांगलं येतं, ओरडू नका." त्यानं दार ढकलून उघडं धरलं. "तिला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

टॉलिव्हरनं टोपी काढली. दाराची चौकट बुटकी होती. तो वाकला आणि आत गेला.